पाचशे नंबरची चूक आणि न दिसणारी अक्षरं

शेअर्ड होस्टिंगवर स्क्रिप्ट चालवणाऱ्यांची जुनी तक्रार अशी की सर्व्हर काही सांगतच नाही. 'इंटर्नल सर्व्हर एरर, ५००' एवढं तोंडावर फेकतो आणि गप्प बसतो. ही तक्रार अर्धीच खरी होती. सर्व्हर सगळं सांगायचा, पण एरर लॉगमध्ये, आणि तो लॉग बऱ्याचदा होस्टिंगवाल्याकडेच राहायचा. एका मशीनवर शेकडो बिऱ्हाडं आणि मीटरची खोली मालकाकडे, असला तो प्रकार.

१९९३ मध्ये अमेरिकेतल्या एनसीएसएच्या सर्व्हरबरोबर सीजीआय आलं. त्याचा करार सरळ होता. सर्व्हरने प्रोग्राम चालवायचा, प्रोग्रामने आधी 'कन्टेन्ट-टाइप'ची ओळ छापायची, मग एक रिकामी ओळ, मग पान. ती रिकामी ओळ राहिली की ५००. पुढे अपाचे आलं, पर्लमधल्या फुकट फॉर्म-मेल आणि गेस्टबुक स्क्रिप्टांचा सुकाळ झाला आणि ज्यांनी कधी युनिक्स पाहिलं नव्हतं अशी माणसं सीजीआय-बिनमध्ये फाइली चढवू लागली.

त्या काळातला सगळ्यात छळवादी दोष डोळ्यांना दिसतच नसे. विंडोज ओळीच्या शेवटी दोन चिन्हं ठेवतं, युनिक्स एक. नोटपॅडमध्ये लिहिलेली स्क्रिप्ट एफटीपीच्या बायनरी मोडने चढवली की पहिल्या ओळीतल्या पर्लच्या पत्त्याला ते जास्तीचं चिन्ह चिकटायचं. सर्व्हर त्या चिन्हासकट नावाचा प्रोग्राम शोधायचा आणि लॉगमध्ये लिहायचा, 'अशी फाइल नाही'. स्क्रिप्ट तर समोर दिसतेय! आस्की मोडने पुन्हा चढवली की चालू. त्याच मोडने चित्रं चढवली तर ती मात्र खराब.

परवानग्यांचा घोळ वेगळा. 'चालत नाही ना? ७७७ करून टाक,' हा सल्ला जो तो द्यायचा, आणि इतका घातक सल्ला त्या काळात दुसरा नसेल. १९९७ च्या अपाचे १.२ मध्ये सूएक्झेक आलं. स्क्रिप्ट आता ज्याच्या त्याच्या खात्यातून चालू लागली आणि इतर कुणाला लिहिता येईल अशी फाइल ते सरळ नाकारू लागलं. म्हणजे ७७७ करणारा स्वतःच ५०० ओढवून घ्यायचा. खरं उत्तर ७५५, तेही फाइलीला आणि फोल्डरलाही. नाकारण्याचं कारण सूएक्झेकच्या वेगळ्याच लॉगमध्ये पडायचं, त्यामुळे नेहमीचा लॉग मिळाला तरी कोडं अर्धंच सुटायचं.

मग पीएचपीने पर्लला मागे टाकलं आणि मराठी साइटवाल्यांना एक खास दुखणं लागलं. जुने फॉन्ट सोडून सगळे युनिकोडवर आले होते. नोटपॅडमध्ये मराठी मजकूर यूटीएफ-८ म्हणून सेव्ह केला की फाइलीच्या तोंडाशी तीन अदृश्य बाइट बसायचे, ज्यांना बीओएम म्हणतात. पीएचपीच्या लेखी ते छापलेलं पानच. मग 'हेडर्स ऑलरेडी सेंट', कुकी बसत नाही, लॉगिन टिकत नाही. तीच फाइल पर्लची असेल तर पहिली ओळ ओळखलीच जायची नाही. इंग्रजी साइटवाल्या मित्राला हे दुखणं सांगून पटत नसे, त्याच्या फाइलीत ते क्वचितच यायचं. विंडोज १० च्या २०१९ मधल्या आवृत्तीपासून नोटपॅड मूळ निवड म्हणून बीओएमशिवाय सेव्ह करू लागलं.

होस्टिंगवाल्याने मॉड-पीएचपी काढून पीएचपी सीजीआय किंवा एफपीएमवर नेलं की एचटीअॅक्सेस या सेटिंगच्या फाइलीतली 'पीएचपी-व्हॅल्यू'ची एक ओळ अख्खी साइट पाडायची. कोडमधलं एक अक्षरही बदललेलं नसायचं. त्या सेटिंगा आता युजर-आयएनआय फाइलीत टाकायच्या, ही सोय पीएचपी ५.३ पासूनची. अपाचे २.४ ने लॉगमधलं ओळखीचं वाक्यही बदललं. 'प्रीमॅच्युअर एंड ऑफ स्क्रिप्ट हेडर्स' शोधणाऱ्याला तिथे 'एंड ऑफ स्क्रिप्ट आउटपुट बिफोर हेडर्स' दिसतं. अर्थ तोच.

आता बहुतेक पॅनेलवर एरर लॉग खातेदारालाही उघडता येतो. तो नसेल तर एचटीअॅक्सेसचं नाव तात्पुरतं बदलून पान पुन्हा उघडायचं. ५०० गेला तर दोष त्या फाइलीत. राहिला तर स्क्रिप्टची पहिली ओळ, परवानगी आणि लाइन एंडिंग, या क्रमाने तपासत जायचं.