आईच्या सावलीत रोपटी तगतात का?

संग्रामपूर तालुक्याच्या उत्तरेला सातपुड्यात अंबाबरवा अभयारण्य आहे. साग, सालई, तेंदू, धावड्याचं हे पानझडी रान मेळघाट व्याघ्र प्रकल्पात मोडतं. रोपट्यांच्या नात्यागोत्याबद्दलचे काही समज इथल्याच झाडांवर तपासून पाहू.

गैरसमज : आईच्या झाडाखाली रोपटं सुरक्षित असतं.

उलट, बहुतेक वेळा तिथंच धोका जास्त. मोठ्या झाडाच्या बुंध्याशी त्याच जातीवर पोसणारे किडे आणि रोगकारक बुरशी ठाण मांडून असतात. बी तिथंच पडलं, तर कोवळं रोप त्यांच्या तोंडी जातं. 1970 मध्ये डॅनियल जॅन्झेन आणि 1971 मध्ये जोसेफ कॉनेल यांनी ही कल्पना स्वतंत्रपणे मांडली. बेलिझच्या जंगलातल्या प्रयोगाचे निष्कर्ष 2014 मध्ये आले. तिथं बुरशीनाशक फवारल्यावर रोपट्यांतल्या जातींची विविधता घटली. म्हणजे हीच बुरशी एकाच जातीला माजू देत नव्हती.

म्हणून बी दूर नेणारा प्राणी मोलाचा. उन्हाळ्यात अस्वलाची वाळलेली विष्ठा काडीनं उकलून पाहा, तेंदूच्या चपट्या तपकिरी बिया जशाच्या तशा सापडतात. आईपासून लांब पडलेल्या त्या बीला तिथं घरचे शत्रू कमी भेटतात.

गैरसमज : जात वेगळी असली की झालं.

ऐन, बेहडा आणि धावडा या जाती वेगळ्या, पण कूळ एकच. जवळच्या नातलगांना सारखे रोग लागण्याची शक्यता अधिक असते. बोर्निओच्या जंगलातल्या 2006 च्या अभ्यासात दिसलं, की भोवती दूरच्या नात्यातली झाडं असतील तिथं रोपटी कमी मेली.

अर्थात आपल्या कोरड्या रानात वणवा, चराई आणि लांबलेला उन्हाळा यांचा घाव मोठा असतो. सागाचं रोप वरून जळून पुन्हा मुळापासून फुटतं, सगळ्यांना ते जमत नाही. नात्याचा परिणाम या माराच्या जोडीनं होतो, हे विसरून चालणार नाही.

गैरसमज : झाडं बुरशीच्या जाळ्यातून आपल्याच पिल्लांना अन्न पोचवतात.

सुझान सिमार्ड यांच्या 1997 च्या गाजलेल्या प्रयोगात भूर्ज आणि डग्लस फर या दोन वेगळ्या जातींच्या रोपांमध्ये कार्बनची देवाणघेवाण दिसली होती. आई आपल्या लेकराला निवडून अन्न देते, याचा जंगलातला भक्कम पुरावा नाही, असा निष्कर्ष 2023 च्या एका आढाव्यानं काढला. गोष्ट गोड आहे, पण तेवढ्यानं ती खरी ठरत नाही.

गैरसमज : एका जोमदार झाडाचं बी पुरेसं असतं.

सालईचं उदाहरण बोलकं आहे. तिला स्वतःचे परागकण चालत नाहीत. निसर्गात सुमारे 10 टक्केच फुलांना फळ धरतं, पण दुसऱ्या झाडाचे परागकण हातानं लावले की हे प्रमाण 80 टक्क्यांच्या आसपास जातं. सागालाही परपरागीकरणच मानवतं. एकाच झाडाच्या बियांची रोपं ही सगळी भावंडं. पुढं त्यांचा आपसात संकर झाला की कमजोर संतती वाढते.

त्यामुळे रोपवाटिकेसाठी बी गोळा करणाऱ्या शाळांना, वन समित्यांना एवढंच सांगणं : एकाच झाडाखाली पिशवी भरू नका. शक्य असेल तिथं किमान 30 झाडांचं बी घ्या, दोन झाडांत 50 ते 100 मीटर अंतर ठेवा, आणि लावताना वेगवेगळ्या कुळांची रोपं मिसळून लावा.