पाऊल टाकण्यापूर्वी

आभाळाच्या एका कोपऱ्यात ढग दाटला की पाऊस कोणत्या शिवारावर उतरणार, याचा अंदाज जाणता शेतकरी बांधतो. बैलाने वैरणीस तोंड लावले नाही तर त्याचे दुखणे त्यास दुरूनच कळते. पिकाच्या पानाचा रंग किंचित पालटला तरी त्याची नजर तेथे थांबते. इतक्या सावधपणे निसर्गाशी वागणारा हाच शेतकरी दिवस मावळल्यावर अनवाणी पायाने बांधावरून चालतो, उजेड न घेता गोठ्यात शिरतो आणि न पाहता सरपणाच्या ढिगात हात घालतो. वाट रोजची, घर रोजचे आणि कामही रोजचेच; म्हणूनच तेथे लक्ष राहत नाही. सर्पदंशाचे अनेक अपघात अशा ओळखीच्या जागीच घडतात.

हा धोका लहान नव्हे. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे मृत्यू पावली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत देण्यात आला आहे. म्हणजे वर्षास सरासरी ५८ हजार. त्यांपैकी सुमारे निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतील, म्हणजेच ऐन पेरणी-निंदणीच्या दिवसांतील होते. आणि बहुतांश मृत्यू खेड्यापाड्यांतील होते. एका दंशाने घरातील कर्ता माणूस किंवा हाताशी आलेले मूल जाते आणि त्या कुटुंबाची शेती पुढे कित्येक वर्षे सावरत नाही.

साप कोठे असतो?

महाराष्ट्रात प्राणघातक दंश मुख्यतः चार सापांचे होतात: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. प्रत्येकाची राहण्याची रीत निराळी आहे आणि ती ठाऊक असली म्हणजे कोठे पाहावे हे आपोआप कळते.

नाग उंदरांच्या मागे येतो. धान्याची कणगी, कडब्याची गंजी, गोवऱ्यांचा ढीग जेथे उंदीर, तेथे नागाचा संभव धरावा. घोणस जाड अंगाची असून तिच्या पाठीवर साखळीसारखे ठिपके असतात. ती गवतात व पालापाचोळ्यात निश्चल पडून राहते. डिवचली असता मोठ्याने फूत्कार करते. कापणीच्या वेळी वाकून झपाझप हात चालविणाऱ्या मजुरास ती दिसत नाही. फुरसे लहान असते, पण त्यामुळे त्यास क्षुल्लक मानू नये. कोकणात, विशेषतः रत्नागिरीच्या बाजूस, दगडांखाली ते आढळते आणि अंगाचे खवले एकमेकांवर घासून खरखर आवाज करते.

मण्यार मात्र सर्वांत फसवी. काळसर अंग आणि त्यावर पांढरे बारीक पट्टे असलेला हा साप रात्री हिंडतो व घरात येतो. जमिनीवर निजलेल्या माणसास तो चावला तर वेदना फार थोडी होते, सूज येत नाही आणि दाताची खूणही पुष्कळदा दिसत नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होऊन मिटू लागतात, गिळता व बोलता येईनासे होते. घरची माणसे अपचन समजून काढा देतात आणि मोलाचा वेळ निघून जातो. पावसाळ्यात जमिनीवर निजलेला माणूस पहाटे अशा तक्रारीने उठला, तर सर्पदंशाची शंका प्रथम घ्यावी.

हाताआधी काठी, पायाआधी उजेड

सावधपणास खर्च फारसा येत नाही. अनेक ठिकाणी कृषिपंपास आळीपाळीने रात्रीची वीज मिळते व पाणी धरण्यास अंधारात जावे लागते. अशा वेळी बॅटरी, गुडघ्यापर्यंतचे बूट आणि काठी या तीन वस्तू फावड्याइतक्याच आवश्यक समजाव्यात. काठी जमिनीवर आपटीत चालावे. जमिनीतून येणारी कंपने सापास चटकन जाणवतात व तो बहुधा वाट सोडून जातो. गंजीतील पेंढी ओढण्यापूर्वी, दगड उचलण्यापूर्वी, बिळाजवळचे गवत कापण्यापूर्वी काठीने चाळवून पाहावे. सकाळी बूट झटकल्यावाचून पायात घालू नयेत.

कानही उघडे ठेवावेत. साळुंक्या किंवा सातभाई एकाच झुडपाभोवती जमून एकसारखा कलकलाट करू लागले, तर तेथे साप असण्याचा पुष्कळ संभव असतो. ही सूचना पाखरे फुकट देतात. ती घेणे न घेणे माणसाच्या हाती आहे.

घराभोवती दगडविटांचा व सरपणाचा ढीग भिंतीस लागून ठेवू नये. धान्य झाकून ठेवावे, उंदरांची बिळे बुजवावीत. शक्यतो बाजेवर निजावे आणि मच्छरदाणीच्या कडा अंथरुणाखाली नीट खोचाव्यात. त्याने डासही टळतात आणि मण्यारही. मात्र दिसेल तो साप मारीत सुटू नये. धामणीसारखे बिनविषारी साप शेतातील उंदीर खाऊन धान्याचे रक्षण करतात. नागपंचमीस नांगर न धरण्याची जुनी चाल याच दिवसांतील आहे, हेही ध्यानी घेण्याजोगे आहे.

दंश झाल्यास

एवढे करूनही दंश झालाच, तर रोग्यास धीर द्यावा व चालू देऊ नये. अंगठ्या, बांगड्या, जोडवी सूज येण्यापूर्वी काढावीत. दंश झालेला हात किंवा पाय फळी बांधून हलू न देता ठेवावा आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी; ती येण्यास उशीर होत असल्यास मिळेल त्या वाहनाने रुग्णालय गाठावे. जखम कापू नये, रक्त चोखू नये, दोरी आवळून बांधू नये. साप पकडण्याच्या नादात दुसरा माणूस धोक्यात घालू नये.

मांत्रिकाकडे गेलेला रोगी कित्येकदा बरा होतो, हे खरे. पण त्याचे कारण मंत्र नव्हे. पुष्कळ साप बिनविषारी असतात आणि विषारी सापाच्या काही दंशांतही विष अंगात उतरत नाही. विष खरोखर उतरले असेल, तर त्यावर प्रतिविष हाच खात्रीचा उपाय होय. घोड्याच्या रक्तद्रवापासून तयार होणारे हे औषध वरील चारही सापांच्या विषावर चालते. मात्र ते वेळेत मिळाले पाहिजे. यास्तव आपल्या गावाजवळ कोणत्या सरकारी दवाखान्यात प्रतिविष असते, तेथे रात्री डॉक्टर हजर असतात काय, याची चौकशी पेरणीपूर्वीच करून ठेवावी. बी-बियाणे व खते यांची तजवीज जशी आधी होते, तशीच हीही व्हावी.

शेतात पाऊल टाकण्यापूर्वी क्षणभर थांबून उजेड पाडावा आणि मुलाबाळांस तीच सवय लावावी. एवढ्या क्षणाने काम खोळंबत नाही, आणि कामावर गेलेले माणूस सुखरूप घरी परतते.