फ्लेअर एकाने पेटवला, शिक्षा कोणाला?

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना अडखळलेलं तेवढं काढलंय, बाकी जवळपास जसंच्या तसं.)

आज सुरुवात एका फोटोने करतो. तो तुम्ही बहुतेक पाहिलाच असेल, कोणाच्या तरी वॉलपेपरवर नाहीतर एखाद्या रीलमध्ये. मैदानावर लाल धूर, जळते फ्लेअर, आणि त्या सगळ्याकडे बघत निवांत उभे असलेले दोन खेळाडू. एकाने दुसऱ्याच्या खांद्यावर कोपर टेकवलंय, जणू बसची वाट बघतायत. इंटरचा मातेराझ्झी आणि मिलानचा रुई कोस्टा. १२ एप्रिल २००५, सान सिरो, चॅम्पियन्स लीगची क्वार्टर फायनल.

फोटो झकास आहे, वादच नाही. पण त्याआधी काय झालं ते वॉलपेपरवर दिसत नाही. रेफरीने इंटरचा गोल नाकारला, स्टँडमधून बाटल्या आणि फ्लेअर येऊ लागले, आणि एक फ्लेअर मिलानचा गोलकीपर दिदा याच्या खांद्यावर आदळला. मॅच सोडून द्यावी लागली. युएफाने ती ३-० अशी मिलानला दिली, इंटरला दंड ठोठावला आणि इंटरच्या घरच्या पुढच्या चार युरोपियन मॅचेस रिकाम्या स्टेडियममध्ये खेळवल्या. म्हणजे बघा, फ्लेअर फेकले काही जणांनी. चार मॅचेस बुडाल्या सगळ्यांच्या. नातवाला घेऊन येणाऱ्या आजोबांच्याही.

तर आजचा प्रश्न हा आहे. फ्लेअर वाईट की चांगले, यावर सोशल मीडियावर रोज भांडणं चालतात, ती चालू द्या. पण पकडायचं कोणाला, कशाच्या जोरावर, आणि शिक्षा किती, हे ठरवताना न्याय होतो का?

आधी वस्तू समजून घेऊ. फ्लेअर हे मुळात बोटीवरचं सामान. समुद्रात अडकलात तर मदतीसाठी खूण करायची, म्हणून ते वाऱ्यापावसातही जळत राहील असंच बनवलेलं असतं. आपल्या दिवाळीच्या भाषेत सांगायचं तर हातात धरायचा फ्लेअर म्हणजे भुईनळ्याचा दांडगा थोरला भाऊ, आणि उडणारा मरीन फ्लेअर म्हणजे रॉकेट, तेही आडवं सोडलेलं. काही फ्लेअर १,६०० अंश सेल्सियसपर्यंत तापतात. लोखंड १,५३८ अंशांना वितळतं, यावरून अंदाज घ्या. स्मोक बॉम्ब त्यामानाने सौम्य, पण बंदिस्त स्टँडमध्ये दमेकऱ्याच्या शेजारी तोही गंमत राहत नाही.

आणि माणसं मेलीत. २८ ऑक्टोबर १९७९ला रोममध्ये, लाझिओ-रोमा डर्बीला, समोरच्या टोकाकडून आलेल्या मरीन फ्लेअरने लाझिओच्या एका चाहत्याचा जीव घेतला. नोव्हेंबर १९९३मध्ये कार्डिफला वेल्स-रोमानिया मॅच होती, वेल्सला वर्ल्ड कपला जायची संधी होती. स्टेडियमच्या एका बाजूने सोडलेला फ्लेअर दुसऱ्या बाजूला बसलेल्या एका वयस्कर प्रेक्षकाला लागला आणि तो गेला. त्यामुळे 'जरा धूर केला तर काय बिघडलं' हे वाक्य मी तरी बोलणार नाही.

पण आता जी गोष्ट सांगतोय ती नीट ऐका, कारण पोलिसिंगचा खरा पेच तिच्यात आहे.

२० फेब्रुवारी २०१३. बोलिव्हियातलं ओरुरो शहर. कोपा लिबेर्तादोरेस, म्हणजे दक्षिण अमेरिकेची चॅम्पियन्स लीग. स्थानिक सान होसे विरुद्ध ब्राझीलचा कोरिंथियन्स, तेव्हाचा गतविजेता. कोरिंथियन्सच्या चाहत्यांमधून एक मरीन फ्लेअर सुटला आणि सान होसेच्या १४ वर्षांच्या एका मुलाच्या डोळ्यात घुसला. पोरगा तिथेच गेला.

पोलिसांनी कोरिंथियन्सचे १२ चाहते पकडले. आता साधा हिशेब करा. फ्लेअर एक, सोडणारा हात एक, आत बारा जण. काही दिवसांत ब्राझीलमध्ये एक १७ वर्षांचा मुलगा टीव्हीवर आला आणि म्हणाला, तो मी सोडला. बोलिव्हियात अनेकांना वाटलं की अल्पवयीन आहे, शिक्षा कमी होईल, म्हणून त्याला पुढे केलंय. असेलही. पण ते बारा जण कित्येक महिने, खटला न चालता, ओरुरोच्या तुरुंगात राहिले. सात जण जूनमध्ये सुटले, उरलेले पाच त्यानंतर.

इकडे क्लबलाही शिक्षा झाली. कोरिंथियन्सची घरची पुढची मॅच प्रेक्षकांविना. त्यातही चार चाहते कोर्टाचा आदेश घेऊन आले आणि एवढ्या मोठ्या स्टेडियममध्ये चौघंच बसले! हसू येतं, पण त्यांचा मुद्दा काही हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. तिकीट माझ्याकडे आहे, गुन्हा मी केलेला नाही, मग मला बाहेर का?

आणि गेलेल्या मुलाच्या घरच्यांना यातून काय मिळालं? कोणी केलं, याचं पक्कं उत्तरही नाही. माझ्या मते सगळ्यांना एकत्र धरण्यातला सर्वात मोठा अन्याय हाच. निर्दोष अडकतात तो एक भाग झाला, पण खरा माणूसही त्या गर्दीतच हरवतो.

आता यात पोलिसांची बाजूही आहे बरं का. मोठ्या टिफोच्या, म्हणजे स्टँडभर पसरलेल्या कापडाच्या, खाली लोक तोंडं झाकतात, जॅकेट बदलतात, आणि कापड वर गेलं की धूरच धूर. कॅमेऱ्यात सगळे सारखे दिसतात. मग पोलीस आणि क्लब सोपा रस्ता धरतात: गेटवर झडती, अख्खा स्टँड बंद, क्लबला दंड.

इंग्लंडने वेगळा रस्ता धरला. तिथे फ्लेअर 'जवळ असणं' हाच गुन्हा. १९८५चा एक कायदा आहे, मुळात मॅचमधल्या दारूसाठी केलेला. पुढच्या वर्षी त्यात फटाके आणि फ्लेअरची भर पडली. मैदानात किंवा आत शिरताना तुमच्याकडे फ्लेअर, फटाका किंवा स्मोक बॉम्ब सापडला तर तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. (काडेपेटी आणि लायटरला सूट आहे, तशी स्पष्ट नोंदच आहे कायद्यात.) वर कोर्ट फुटबॉल बॅनिंग ऑर्डर काढू शकतं. ती किमान तीन वर्षांची असते, आणि टीम परदेशात खेळत असेल तेव्हा पासपोर्टही जमा करावा लागू शकतो.

एका अर्थाने हे जास्त न्याय्य आहे. ज्याच्या खिशात सापडलं त्यालाच धरा, शेजाऱ्याला नको. पण इथेही दोन गोष्टी खटकतात.

पहिली म्हणजे, तोच स्मोक बॉम्ब घेऊन तुम्ही म्युझिक फेस्टिव्हलला गेलात तर? २०१७पर्यंत तिथे असा गुन्हाच नव्हता. तीस वर्षं फुटबॉलवाला गुन्हेगार आणि फेस्टिव्हलवाला मजा करणारा. धूर तोच, गर्दी तशीच, तरुण मुलंही कदाचित तीच. २०१७मध्ये कायदा बदलून कॉन्सर्टलाही बंदी आली. पण फुटबॉल बॅनिंग ऑर्डर नावाप्रमाणेच फुटबॉलपुरती. फुटबॉलच्या चाहत्याकडे आधीच संशयाने बघायचं, ही जुनी सवय आहे तिथली, आणि ती कायद्यातही उतरलीय.

दुसरी म्हणजे मापाची. खिशात न पेटवलेला स्मोक बॉम्ब असलेला १९ वर्षांचा मुलगा आणि गर्दीवर मरीन फ्लेअर सोडणारा माणूस यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. फ्लेअर सोडणाऱ्यावर इतर गंभीर कलमं लागतात हे खरं. पण त्या मुलालाही गुन्ह्याची नोंद चिकटतेच. त्यात २०२२पासून इंग्लिश फुटबॉलने स्वतःचा नियम आणला: पायरो आणणारा-वापरणारा किंवा मैदानात घुसणारा, याला क्लबकडून किमान एक वर्ष बंदी, आणि असं करणारं लहान मूल असेल तर सोबतच्या आईवडिलांवरही बंदी येऊ शकते. 'पोरावर लक्ष ठेवा' इथपर्यंत ठीक. पण १५ वर्षांच्या मुलाच्या मोज्यात काय आहे हे कुठल्या बापाला माहीत असतं, सांगा मला.

जर्मनीत दोन रंजक गोष्टी झाल्या. २०१४मध्ये कोलोन क्लबच्या मॅचला एका प्रेक्षकाने फटाका फेकला, सात जण जखमी झाले. संघटनेने क्लबला दंड केला, क्लबने ३०,००० युरोसाठी त्या माणसावरच दावा लावला. २२ सप्टेंबर २०१६ला तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने सांगितलं की हो, क्लबला झालेल्या दंडाची भरपाई त्याला द्यावी लागेल. ज्याचं कर्म त्याच्या गळ्यात. तत्त्व पटतं, पण हजारो युरो म्हणजे एखाद्याची कित्येक वर्षांची कमाई, हेही डोक्यात राहतं.

दुसरी गोष्ट हॅम्बुर्गची. फेब्रुवारी २०२०, कार्ल्सरूहविरुद्धची मॅच. मॅचआधी परवानगी घेऊन, ठरलेल्या जागी, जाणकारांच्या देखरेखीखाली दहा स्मोक पॉट पेटवले. कोणी तोंड झाकलं नाही, कारण लपायचं कारणच नव्हतं. मला हे पटतं, आणि कारण अगदी व्यवहारी आहे. धुराला कायदेशीर जागा दिली की बेकायदा पेटवणारा वेगळा दिसतो, आणि पोलिसांना अख्खा स्टँड उचलावा लागत नाही. पायरोवाल्या अनेकांना हे मिळमिळीत वाटतं. नियमात बसलेला धूर म्हणजे आईला विचारून केलेलं बंड, असं काहीसं. त्यांचंही चुकत नाही म्हणा.

जाता जाता, मास्टर्ससाठी इंग्लंडला गेलेल्या किंवा निघालेल्या मंडळींसाठी एक गोष्ट. मॅचला रांगेत उभे असताना ओळखीचा कोणी म्हणाला, 'हे जरा तुझ्या खिशात ठेव, तुला कोणी तपासणार नाही', तर सरळ नाही म्हणा. पेटवणार तो असला तरी गेटवर सापडणार तुम्ही. शिक्षा झालीच तर व्हिसाच्या फॉर्मवर ती सांगावी लागते, आणि 'ते माझं नव्हतंच' हे लिहायला त्या फॉर्मवर रकाना नसतो. झडतीला बोलावलं तर कारण विचारायचा हक्क तुम्हाला आहे. शांतपणे विचारा.