संकेतस्थळाच्या किल्ल्या

लग्न पाहावे करून आणि घर पाहावे बांधून, असे आपल्या वाडवडिलांनी सांगून ठेवले आहे. त्यांच्या अनुभवात भर घालण्याची आमची योग्यता नाही. तरीही गेल्या काही वर्षांत जे शिकलो त्याच्या बळावर एवढे म्हणावेसे वाटते की, संस्थेचे संकेतस्थळही एकदा उभारून पाहावे. घर बांधताना निदान भिंत कोठे खचली हे डोळ्यांना दिसते. येथे दिसते ते केवळ एक पांढरे पान!

बेळगाव जिल्ह्यातील आमच्या गावी एक जुने मराठी वाचनालय आहे. गावची मुले नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईस, बंगळूरला आणि आखाती देशांत पांगली आहेत. वाचनालयाच्या स्मरणिका, नाटकांची छायाचित्रे आणि ग्रंथसूची त्यांना बसल्या जागी पाहता यावी, या हेतूने २०१९ साली कार्यकारिणीने संकेतस्थळ करण्याचे ठरविले. आमचा एक माजी विद्यार्थी मदतीस धावून आला. आम्ही मुख्याध्यापक, त्यातून मराठीचे पदवीधर. म्हणून देखरेखीचे काम ओघानेच आमच्या गळ्यात पडले.

विद्यार्थ्याने समजावून सांगितले ते असे : संकेतस्थळास तीन गोष्टी लागतात. पहिली नाव, म्हणजेच पत्ता. तो विकत मिळत नाही. ठरावीक मुदतीसाठी आपल्या नावे नोंदला जातो आणि मुदत सरली की पुन्हा पैसे भरावे लागतात. २०१४ पासून ‘.भारत’ या शेपटाचे देवनागरी पत्तेही नोंदता येतात. दुसरी गोष्ट जागा. सदैव चालू असणाऱ्या एखाद्या सर्व्हरवर ती भाड्याने घ्यावयाची. तिसरी गोष्ट म्हणजे मजकुराची व्यवस्था पाहणारी प्रणाली. आम्ही ‘वर्डप्रेस’ ही प्रणाली घेतली. मिशेल वाल्ड्रिगी यांच्या ‘बी-टू’ नामक जुन्या प्रणालीच्या पायावर मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी ती २००३ साली उभी केली. ती विनामूल्य आहे, आणि तिचे अंतरंग कोणासही पाहता-बदलता येते.

या प्रणालीचे मर्म आम्हांस छापखान्याच्या उपमेने उमगले. पूर्वी खिळे एकदा जुळवले की मजकूर आणि त्याची मांडणी एकजीव होत असे. येथे त्यांची फारकत केलेली असते. मजकूर डेटाबेस नावाच्या कोठारात राहतो, मांडणी ‘थीम’मध्ये राहते, आणि वाचक पान उघडतो त्या क्षणी दोहोंची गाठ घातली जाते. म्हणून थीम बदलली तरी लेखांस धक्का लागत नाही. फोटोंचे दालन, पत्रव्यवहाराचा नमुना अशा जादा सोयी हव्या असल्यास ‘प्लगिन’ जोडावयाची. छायाचित्रे व प्लगिन फाइलींत राहतात, लेख डेटाबेसमध्ये. हा भेद वाचकांनी ध्यानी ठेवावा; पुढे त्याचेच मोल आम्हांस भरावे लागले.

स्थापना खरोखरच सोपी निघाली. भाड्याच्या जागेत रिकामा डेटाबेस निर्माण केला. त्याचे नाव, वापरकर्त्याचे नाव, परवलीचा शब्द आणि सर्व्हरचा पत्ता या चार गोष्टी प्रणालीस सांगितल्या. भाषा म्हणून मराठी निवडली, आणि व्यवस्थापनाची दालने मराठीत बोलू लागली. ‘पान’ आणि ‘लेख’ यांतील फरकही कळला : वाचनालयाचा इतिहास, वेळ, पत्ता यांसारखा स्थिर मजकूर पानावर, व्याख्यानाचे वृत्त किंवा आठवणी लेखात.

दुखणी मात्र हळूहळू कळली. एके दिवशी संकेतस्थळ पांढरेफटक झाले. आदल्या रात्री एक प्लगिन अद्ययावत केली होती आणि तिचे इतरांशी पटेना. उपाय असा की, सर्व्हरवरील प्लगिनच्या फोल्डरचे नाव तात्पुरते बदलावे. साऱ्या प्लगिन निजतात, स्थळ जागे होते. मग मूळ नाव परत देऊन एकेक प्लगिन चालू करीत दोषी शोधावी. २०१९ पासून अशा प्रसंगी प्रणाली स्वतःच व्यवस्थापकास दुरुस्तीचा दुवा ई-मेलने धाडते. आमचा दुवा गेला तो एका निवृत्त चिटणीसांच्या पत्त्यावर. आणि ते तर आपला परवलीचा शब्द केव्हाच विसरले होते!

दुसऱ्यांदा ‘डेटाबेसशी संपर्क होत नाही’ असा संदेश आला. वर सांगितलेल्या चार गोष्टींपैकी परवलीचा शब्द कोणीतरी जागेच्या बाजूने बदलला होता, प्रणालीस कळविला नव्हता. तिसऱ्यांदा मुखपृष्ठ दिसे, पण आतील एकही लेख सापडेना. व्यवस्थापनात जाऊन दुव्यांच्या रचनेची मांडणी काही न बदलता पुन्हा जतन करताच सारे पूर्ववत झाले. आणखी एक गंमत मराठी मथळ्यांची. लेखाच्या पत्त्यात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, मग ते अक्षर असो वा काना-मात्रा, नऊ रोमन चिन्हांची जागा घेते, आणि प्रणालीची मर्यादा दोनशेची. म्हणजे बावीस चिन्हांपुढचा मथळा पत्त्यातून छाटला जातो. यास्तव मथळा ऐसपैस ठेवावा, पण पत्ता हाताने आखूड लिहावा.

इथवर सारे विनोदाने सांगता येते. यापुढचे सांगताना मन जड होते.

आमचे ग्रंथपाल, ज्यांना सारा गाव काका म्हणे, यांनी उतारवयात टंकलेखन शिकून गावच्या आठवणी संकेतस्थळावर लिहावयास घेतल्या होत्या. कोणत्या वाड्यात पहिले नाटक बसले, वाचनालयास कोणी कोणती कपाटे दिली, साथीच्या दिवसांत कोण कोणाच्या दारी भाकरी ठेवून गेले, असे ते लेखन. अखेरचा लेख लिहून आठवडाही लोटला नाही तोच ते गेले.

त्याच वर्षी काटकसरीच्या विचाराने आम्ही स्वस्त जागा घेतली. गणेश चतुर्थीच्या तोंडावर जुन्या डेटाबेसची नक्कल काढून ती नव्या जागी भरली, आणि उत्सवाच्या गडबडीत तपासणी विसर्जनानंतर करू म्हणून स्वस्थ राहिलो. विसर्जनानंतर पाहतो तो काकांच्या प्रत्येक लेखात अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग! नक्कल काढतेवेळी वर्णसंच म्हणून केवळ रोमन लिपी ओळखणारा ‘लॅटिन-१’ निवडला गेला होता.

येथे एक भेद सांगणे अवश्य आहे. देवनागरीच्या जागी विचित्र रोमन चिन्हांचा गोंधळ दिसला तर घाबरू नये. अक्षरांचे मूळ आकडे बहुधा शाबूत असतात, केवळ वाचन चुकीचे होत असते, आणि जाणकार ते सुधारू शकतो. परंतु साठवणीतच प्रश्नचिन्हे पडली असतील, तर मूळ अक्षर पुसले गेलेले असते. प्रश्नचिन्हावरून ते ‘क’ होते की ‘ळ’ होते, हे कोणता यंत्रज्ञ सांगणार? आम्ही जुन्या जागेकडे धाव घेतली. मुदत संपून ती रिकामी करण्यात आली होती. विद्यार्थ्याच्या संगणकावर सहा महिन्यांपूर्वीची धड नक्कल होती, तिच्यातून बरेच लेख परत मिळाले. अखेरचे अकरा गेले.

आम्ही काकूंकडे क्षमा मागावयास गेलो. त्या क्षणभर काही बोलल्या नाहीत. मग आत जाऊन त्यांनी दोन वह्या आणून आमच्या पुढ्यात ठेवल्या. “ते आधी हातानेच लिहीत, गुरुजी,” त्या म्हणाल्या. “यंत्रावर त्यांचा विश्वास नव्हता. पण एवढ्या आमच्याकडे परत आणून द्या.” अकरापैकी नऊ लेख त्या वह्यांत मिळाले. दोन कोठेच नाहीत.

त्या दोन लेखांची रुखरुख घेऊन आम्ही कार्यकारिणीपुढे नियम मांडले, आणि ते मंजूरही झाले. पत्त्याची नोंद व जागेचे खाते संस्थेच्याच नावे आणि संस्थेच्याच ई-मेलवर असावे, व्यक्तीच्या नव्हे. परवलीचे शब्द लाखबंद पाकिटात कपाटात असावेत आणि पदाधिकारी बदलताच शब्दही बदलावेत. दरमहा डेटाबेस आणि फाइली या दोहोंची नक्कल काढावी. एक प्रत सर्व्हरबाहेर, एक गावाबाहेर ठेवावी. वर्णसंच सदैव ‘यूटीएफ-८’च्या कुळातील, शक्यतो ‘यूटीएफ-८ एमबी-४’ असावा. नक्कल काढली एवढ्यावर समाधान न मानता ती दुसरीकडे उघडून मराठी वाचून पाहावी. आणि नव्या घरात दिवा लागल्याची खात्री होईपर्यंत जुने घर सोडू नये.

ते नऊ लेख आमच्या शाळेतील मुलांनी शाळा सुटल्यावर टंकलिखित केले. काकांचे अक्षर बारीक, शाई फिकट. अडलेल्या शब्दासाठी मुले काकूंच्या ओसरीवर जाऊन बसत, आणि एका शब्दाच्या बदल्यात अर्ध्या तासाची गोष्ट घेऊन परतत. काम संपले तेव्हा वह्या आम्ही स्वतः नेऊन दिल्या. काकूंनी पाने मोजून पाहिली, डोळ्यांना लावली आणि पेटीत ठेवून पेटीला कुलूप घातले.

किल्ली त्यांनी थोरल्या सुनेच्या हाती दिली, आणि ती कोठे ठेवावयाची हे धाकटीलाही सांगितले.