जिमी हेंड्रिक्स : शवविच्छेदन कुठे थांबते?

१८ सप्टेंबर १९७०, शुक्रवार. सकाळी ११ वाजून १८ मिनिटांनी लंडनच्या रुग्णवाहिका सेवेला फोन आला. नॉटिंग हिल भागात लॅन्सडाउन क्रेसेंटवर समरकंद नावाचे हॉटेल होते. तिथे एक माणूस बेशुद्ध पडल्याचा निरोप होता. ११.२७ ला रुग्णवाहिका दारात पोहोचली. १२.४५ ला केन्सिंग्टनच्या सेंट मेरी ॲबट्स रुग्णालयात त्या माणसाला मृत घोषित करण्यात आले. तो होता जिमी हेंड्रिक्स. अवघ्या चार वर्षांत त्याने इलेक्ट्रिक गिटारचा आवाज कायमचा बदलून टाकला होता. वय होते २७.

या वेळांवर कुणाचा वाद नाही. वाद आहे तो फोन येण्याआधीच्या काही तासांबद्दल. तेवढ्या तासांवर पुस्तके निघाली, पोलिसांनी फाइल पुन्हा उघडून पाहिली, खुनाचे आरोप झाले. या प्रकरणाकडे रहस्यकथा म्हणून अनेकदा पाहिले गेले आहे. न्यायवैद्यकशास्त्र किती सांगू शकते आणि कुठे त्याचा नाइलाज होतो, हे समजून घ्यायलाही यापेक्षा चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

शेवटची रात्र

ते हॉटेल म्हणजे खरे तर भाड्याच्या खोल्या. त्यातल्या एका खोलीत मोनिका डॅनेमन ही जर्मन तरुणी राहत होती. ती पूर्वी बर्फावरचे स्केटिंग करायची, चित्रे काढायची. हेंड्रिक्स तिच्याकडे मुक्कामाला होता. १७ सप्टेंबरच्या रात्री तो एका मेजवानीला गेला आणि पहाटे तीननंतर तिच्यासोबत परतला. डॅनेमनच्या सांगण्यानुसार दोघे सकाळी सातपर्यंत बोलत होते. मग झोपले. अकराच्या सुमारास तिला जाग आली, तेव्हा त्याला उठवता येईना. तिच्या झोपेच्या गोळ्यांपैकी नऊ गोळ्या कमी झाल्या होत्या.

तिने गायक एरिक बर्डनला फोन केला, हे बर्डननेही सांगितले. पण तो फोन उजाडता उजाडता आला होता, असे त्याचे नंतरचे म्हणणे. डॅनेमन म्हणे की आपण रुग्णवाहिकेत सोबत होतो आणि जिमी तेव्हा जिवंत होता. रुग्णवाहिकेचे कर्मचारी नव्वदच्या दशकात म्हणाले की दार उघडे होते, आत दुसरे कुणी नव्हते आणि पलंगावरच्या माणसात जीव उरल्याचे लक्षण नव्हते. ही दोन्ही कथने एकाच वेळी खरी असू शकत नाहीत.

डॉ. टीअर यांच्या टेबलावर

२१ सप्टेंबरला प्रा. डोनाल्ड टीअर यांनी शवविच्छेदन केले. त्या काळच्या ब्रिटनमधले ते अग्रगण्य न्यायवैद्यक तज्ज्ञ. तरुण माणसे धडधाकट असताना अचानक का कोसळतात, याचा शोध घेताना त्यांनी १९५८ मध्ये आठ रुग्णांच्या हृदयांचे बारकाईने वर्णन केले. हृदयाच्या स्नायूची भिंत एका बाजूने जाड करणारा हा विकार. मैदानावर खेळाडूचा अचानक मृत्यू झाला की आज डॉक्टर ज्या कारणांचा आधी विचार करतात, त्यांत तो वरच्या क्रमांकावर असतो. १९७३ मध्ये ब्रूस लीच्या मृत्यूची तपासणी करायलाही टीअर यांनाच हाँगकाँगला बोलावण्यात आले. अकाली मृत्यू वाचण्याचा त्यांचा अनुभव दांडगा होता.

त्यांचा निष्कर्ष असा : बार्बिट्युरेट गटातल्या औषधांचा अंमल असताना उलटी श्वासमार्गात गेली आणि गुदमरून मृत्यू झाला. सुई टोचल्याच्या, म्हणजे नसेतून अमली पदार्थ घेण्याच्या, खुणा त्यांना आढळल्या नाहीत. रक्तात मद्यही सापडले.

२८ सप्टेंबरला कोरोनर गॅव्हिन थर्स्टन यांनी निकाल दिला. संशयास्पद मृत्यूची जाहीर चौकशी करणारा हा अधिकारी. मुंबईतही १९९९ पर्यंत कोरोनरचे न्यायालय होते. अपघात, आत्महत्या की आणखी काही, हे ठरवण्याइतका पुरावा नाही, असे सांगून थर्स्टन यांनी निकाल खुला ठेवला. मृत्यू कशाने झाला हे नोंदले गेले, कोणत्या परिस्थितीत झाला हे रिकामे राहिले.

गोळी आणि तिची अरुंद वाट

त्या गोळीचे नाव व्हेस्पारॅक्स. तिच्यात सेकोबार्बिटाल आणि ब्रॅलोबार्बिटाल ही दोन बार्बिट्युरेट होती, जोडीला हायड्रॉक्सिझीन. हे तिसरे औषध आपल्याकडे अंगाला खाज सुटली तर डॉक्टर लिहून देतात, आणि त्यानेही गुंगी येते. एका वेळी अर्धी गोळी घ्यावी, असे प्रमाण होते. नऊ गोळ्या म्हणजे त्याच्या अठरापट.

बार्बिट्युरेटचा इतिहास १८६४ पर्यंत मागे जातो. ॲडॉल्फ फॉन बायर यांनी बार्बिट्युरिक आम्ल तयार केले. १९०३ मध्ये एमिल फिशर आणि योझेफ फॉन मेरिंग यांनी त्यापासून झोपेचे औषध काढले. याच कुळातले फिनोबार्बिटाल आपल्याकडे ‘गार्डिनल’ या नावाने घरोघरी माहीत आहे. फिट्सवर ते आजही दिले जाते आणि योग्य मात्रेत उपकारकच ठरते. धोका कुळात नसून मात्रेत आहे.

मेंदूत गाबा नावाचे रसायन चेतापेशींना शांत करते. ते पेशीच्या आवरणावरच्या ग्राहीवर बसले की क्लोराइडचे कण आत जाण्याचा मार्ग उघडतो आणि पेशीची उत्तेजना उतरते. पुढे १९६० नंतर आलेली लिब्रियम, व्हॅलियम यांसारखी औषधे हे दार अधिक वेळा उघडायला मदत करतात, पण गाबा नसेल तर त्यांचे काही चालत नाही. बार्बिट्युरेट मात्र दार जास्त वेळ उघडे धरून ठेवतात, आणि मात्रा वाढली की गाबाच्या मदतीशिवायही ते उघडतात. म्हणून त्यांच्या परिणामाला वरची मर्यादा नाही. झोपेनंतर गाढ बेशुद्धी, त्यानंतर श्वसनकेंद्राचे मंदावणे, अशा पायऱ्या सलग उतरत जातात. झोप आणणारी मात्रा आणि जीव घेणारी मात्रा यांत फार अंतर नसते. मद्यामुळे ते आणखी कमी होते.

श्वास थांबण्याआधीच आणखी एक संरक्षण गळून पडते. घशात काही अडकले की आपल्याला ठसका लागतो आणि स्वरयंत्राचे तोंड झटकन मिटते. खोल गुंगीत ही प्रतिक्षिप्त क्रिया बंद पडते. पाठीवर झोपलेल्या माणसाला उलटी झाली तर ती सरळ श्वासनलिकेत उतरते. जठरातले आम्ल फुफ्फुसात गेल्यावर काय घडते, ते न्यूयॉर्कचे प्रसूतितज्ज्ञ कर्टिस मेंडेल्सन यांनी १९४६ मध्येच दाखवून दिले होते.

त्या वर्षांतल्या लंडनमध्ये असे मृत्यू नवे नव्हते. ऑगस्ट १९६७ मध्ये बीटल्सचे व्यवस्थापक ब्रायन एपस्टाइन बार्बिट्युरेट असलेल्या झोपेच्या औषधाने गेले. जून १९६९ मध्ये अभिनेत्री ज्युडी गार्लंड सेकोबार्बिटालने गेली. दोघांच्या मृत्यूची चौकशी याच थर्स्टन यांनी केली होती. एपस्टाइनचे शवविच्छेदन टीअर यांनी केले होते. म्हणजे हेंड्रिक्सची फाइल समोर आली तेव्हा टीअर आणि थर्स्टन यांना ही औषधे पुरती ओळखीची होती. तरीही थर्स्टन यांनी घाईने ‘अपघात’ असा शिक्का मारला नाही. याबद्दल मला त्यांच्याविषयी मनापासून आदर वाटतो.

वारुणीचा दावा

रुग्णालयात त्या दिवशी कामावर असलेल्या डॉ. जॉन बॅनिस्टर यांनी दोन दशकांनंतर सांगितले की हेंड्रिक्सच्या घशातून आणि फुफ्फुसांतून रेड वाइन मोठ्या प्रमाणात बाहेर येत होती. २००९ मध्ये हेंड्रिक्सच्या दौऱ्यांवर काम केलेल्या जेम्स राइट यांनी आपल्या पुस्तकात लिहिले की व्यवस्थापक माइक जेफरी यांनी आपल्याजवळ खुनाची कबुली दिली होती. जेफरी १९७३ मध्येच फ्रान्समधील नांतजवळ विमानांच्या टकरीत मरण पावले होते. त्यामुळे आरोपाला उत्तर द्यायला कुणी उरले नव्हते. राइट यांच्या एका जुन्या सहकाऱ्याने नंतर ही कबुली रचलेली असल्याचे सांगितले.

वाइन बळजबरीने पाजून खून केला, हा दावा शास्त्राच्या कसोटीवर घासून पाहू. माणूस वाइन पितो, ती जठरात असते. त्याला उलटी होते आणि ती फुफ्फुसात जाते. अशा वेळी घशातून वाइनच बाहेर येणार. कुणी बळजबरीने ओतली असती तरी वाइनच दिसली असती. जो पुरावा दोन्ही शक्यतांमध्ये सारखाच दिसतो, तो त्यांतली एक निवडायला उपयोगी पडत नाही. फरक कळायचा तर फुफ्फुसातल्या द्रवाचे मोजमाप, त्यातील मद्याचे प्रमाण, तोंडातल्या आणि मानेवरच्या इजा यांची नोंद लागते. आणि ती त्याच आठवड्यात व्हावी लागते. वीस वर्षांनंतरच्या आठवणीने ती भरून निघत नाही.

कारण आठवण म्हणजे कपाटात ठेवलेले छायाचित्र नव्हे. १९७४ मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी काही विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताची चित्रफीत दाखवली. गाड्या ‘एकमेकींना लागल्या’ तेव्हा वेग किती होता, असे काहींना विचारले. ‘एकमेकींवर आदळून चुरडल्या’ असे काहींना विचारले. दुसऱ्या गटाने वेग जास्त सांगितला. आठवड्यानंतर त्या गटातल्या जास्त जणांना फुटलेल्या काचाही आठवल्या. चित्रफितीत काचा नव्हत्याच. प्रश्नातला एक शब्द एवढे करू शकतो. मग वीस वर्षांच्या मुलाखती, पुस्तके आणि कोर्टकज्जे काय करत असतील? डॅनेमन, बर्डन, कर्मचारी, डॉक्टर यांच्यातला प्रत्येक जण खोटे बोलत होता, असे मानायची गरज नाही.

मृत्यूची वेळ

सर्वांत मोठे कोडे वेळेचे. मृत्यू पहाटे झाला की सकाळी उशिरा? मृतदेहाचे तापमान तासागणिक उतरते. काही तासांत स्नायू ताठर होऊ लागतात आणि दोन-एक दिवसांत ती ताठरता ओसरते. डोळ्यातल्या द्रवात पोटॅशियम वाढत जाते. जठरातल्या अन्नावरूनही अंदाज बांधतात, पण गुंगीच्या औषधांनी पचन मंदावते, तेव्हा ते घड्याळ फारच बेभरवशाचे. यातले तापमान आणि ताठरता त्याच दिवशी, किंबहुना त्याच खोलीत पाहिली तर कामाची. तीन दिवसांनंतरच्या टेबलावर ती घड्याळे बंद पडलेली असतात.

१९९४ मध्ये ब्रिटनच्या ॲटर्नी जनरलनी चौकशी पुन्हा सुरू करण्यास नकार दिला. दोन वर्षांनी डॅनेमनचेही निधन झाले.

हेंड्रिक्सच्या मृत्यूच्या पुढच्या वर्षीचे एक प्रकरण शेजारी ठेवून पाहावे. ३ जुलै १९७१ रोजी ‘द डोअर्स’चा जिम मॉरिसन पॅरिसमध्ये न्हाणीघराच्या टबात मृत सापडला. घातपाताचा संशय नसल्याने शवविच्छेदन झालेच नाही. कारण लिहिले गेले हृदय बंद पडल्याचे. हेंड्रिक्सबाबत आपल्याला मृत्यू कशाने आला हे तरी ठाऊक आहे. मॉरिसनबाबत तेही खात्रीने सांगता येत नाही.

२७ या आकड्याचे गूढ

हेंड्रिक्स, जॅनिस जॉप्लिन, मॉरिसन, कर्ट कोबेन, एमी वाइनहाउस हे सगळे सत्ताविसाव्या वर्षी गेले. त्यातून ‘२७चा शाप’ जन्माला आला. २०११ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये संख्याशास्त्रज्ञांनी तो तपासला. १९५६ ते २००७ या काळात ज्यांचा अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला, असे १,०४६ संगीतकार त्यांनी घेतले. त्यांपैकी ७१ जणांचा मृत्यू झाला होता. सत्ताविसाव्या वर्षी मृत्यूचे प्रमाण वाढलेले दिसले नाही. पंचविसाव्या आणि बत्तिसाव्या वर्षीही ते जवळपास तेवढेच होते. मात्र विशी-तिशीतल्या या संगीतकारांच्या मृत्यूचे प्रमाण सर्वसामान्य ब्रिटिश लोकांच्या दुप्पट-तिप्पट निघाले. आकड्याचा शाप खोटा, पण प्रसिद्धीच्या आयुष्यातला धोका खरा आणि अनेक वर्षे सोबत राहणारा.

उपाय तेव्हाही होता

मला सर्वांत अस्वस्थ करते ते वेगळेच. बार्बिट्युरेटच्या विषबाधेवर उतारा तेव्हा नव्हता, आजही नाही. पण उपचार होता. कोपनहेगनच्या डॉक्टरांनी त्याच्या बऱ्याच आधी दाखवले होते की उत्तेजक औषधांचा मारा थांबवून फक्त श्वासमार्ग मोकळा ठेवला, श्वासाला आणि रक्तदाबाला आधार दिला आणि रुग्णावर अखंड लक्ष ठेवले तर मृत्यूचे प्रमाण वीस टक्क्यांवरून एक-दोन टक्क्यांवर येते. शरीर औषध हळूहळू बाहेर टाकते, तोवर माणसाला जगवायचे. हेंड्रिक्सच्या बाबतीत ती वेळ कधी निघून गेली, हे आपल्याला कधीच कळणार नाही. पण त्या हरवलेल्या तासांत जोवर तो श्वास घेत होता, तोवर तो वाचू शकत होता.

म्हणून या प्रकरणात खुनी शोधत बसण्यापेक्षा दोन गोष्टी शिकणे मला मोलाचे वाटते. एक, अकस्मात मृत्यूचा पंचनामा पहिल्या तासांत नीट व्हावा, व्हिसेरा राखून ठेवावा, वेळा लिहून ठेवाव्यात, आणि एवढे करूनही पुरावा पुरला नाही तर ‘ठरवता येत नाही’ हे उत्तर लोकांनी स्वीकारावे. दुसरी गोष्ट आपल्या घराशी जास्त जवळची. दारू किंवा गोळ्या घेऊन कुणी जागेच होत नसेल, घशातून घुरघुर येत असेल, तर ‘झोपू दे, उतरेल आपोआप’ असे म्हणून दार लोटून घेऊ नये. त्याला कुशीवर वळवावे, तोंड खालच्या बाजूला ठेवावे, १०८ ला फोन करावा आणि मदत येईपर्यंत त्याच्याजवळून हलू नये.