कंपवाताची शस्त्रक्रिया : दिल्लीची एक फेरी पुरेशी नाही

कंपवात अर्थात पार्किन्सनच्या आजारात औषधांचा परिणाम दिवसभर टिकेनासा झाला की, काही रुग्णांना 'डीप ब्रेन स्टिम्युलेशन' ही शस्त्रक्रिया सुचवली जाते. दिल्लीतील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत (एम्स) ती केली जाते.

मेंदूच्या खोल भागात बारीक तारा बसवून, छातीवर त्वचेखाली ठेवलेल्या उपकरणातून त्यांना सूक्ष्म विद्युतस्पंदने दिली जातात. फ्रान्समधील ग्रेनोबल येथे १९८७ मध्ये डॉ. बेनाबिद यांनी या पद्धतीचा पाया घातला. यामुळे थरथर व ताठरपणा कमी होतो. मात्र आजार बरा होत नाही.

लेव्होडोपा या औषधाने हालचाली किती सुधारतात, हे पाहून रुग्णाची निवड होते. म्हणून औषधांच्या वेळा व परिणाम यांची नोंद सोबत न्यावी.

शस्त्रक्रियेनंतर स्पंदनांची मात्रा हळूहळू जुळवावी लागते. त्यासाठी काही महिने वारंवार जावे लागते. पुढे बॅटरीही बदलावी लागते. परगावच्या कुटुंबांनी या फेऱ्यांचा खर्च आणि सोबतीला कोण, हे आधीच ठरवावे. मात्रेची जुळणी मुंबई-पुण्यासारख्या जवळच्या शहरात करून घेता येईल का, हेही निर्णयापूर्वीच डॉक्टरांना विचारावे.