हिमवादळापूर्वीचे घर: काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

उत्तर अमेरिकेत हिवाळी वादळाची चाहूल लागली की ‘किती बर्फ पडणार’ हाच प्रश्न सर्वप्रथम विचारला जातो, आणि घराच्या तयारीविषयीचे अनेक गैरसमज या एका प्रश्नातूनच निर्माण होतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेने ‘ब्लिझर्ड’ या संज्ञेची जी व्याख्या केली आहे, तिच्यात बर्फाच्या थराच्या जाडीचा उल्लेखच नाही. ताशी ५६ किलोमीटर किंवा त्याहून अधिक वेगाचा वारा वाहत असेल, उडत्या हिमामुळे ४०० मीटरच्या पलीकडचे दिसेनासे झाले असेल आणि ही स्थिती किमान ३ तास टिकली असेल, तर त्या वादळास ब्लिझर्ड म्हणतात. मग ते हिम आकाशातून नव्याने पडत असो वा जमिनीवर आधीच साचलेले वाऱ्याने उचललेले असो. डिसेंबर २०२२ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील बफेलो शहरात ही स्थिती सुमारे ३७ तास टिकली आणि त्या काळात मदतीला निघालेली वाहनेच रस्त्यांत अडकून पडली. म्हणून घराची तयारी मोजायची ती बर्फाच्या इंचांत नव्हे, तर बाहेरची मदत पोहोचणार नाही अशा दिवसांत. माणशी रोज सुमारे ४ लिटर याप्रमाणे किमान ३ दिवसांचे पाणी साठवावे, हा तेथील प्रचलित सल्ला याच हिशेबावर आधारलेला आहे.

‘घर गॅसवर तापते, त्यामुळे वीज गेली तरी चिंता नाही’ हा समज फार खोलवर रुजलेला आहे आणि तो बहुतेक घरांच्या बाबतीत चुकीचा आहे. तळघरात किंवा माळ्यावर बसवलेल्या, हवा तापवणाऱ्या भट्टीला तेथे ‘फर्नेस’ म्हणतात. तिच्यात जळतो गॅस हे खरे. परंतु ती सुरू करण्याची आज्ञा देणारा थर्मोस्टॅट, ज्योत पेटवणारी यंत्रणा आणि तापलेली हवा खोल्याखोल्यांत ढकलणारा पंखा हे सारे सामान्यतः विजेवर चालते, त्यामुळे गॅसचा पुरवठा अखंड असूनही घर गार पडते. टेक्ससमध्ये फेब्रुवारी २०२१ च्या वादळात ४५ लाखांहून अधिक घरांची व व्यवसायांची वीज गेली. राज्याच्या आरोग्य विभागाने नोंदवलेल्या २४६ मृत्यूंपैकी १६१ मृत्यू अतिथंडीमुळे झाले. कित्येक लोक स्वतःच्या घरात, छपराखाली असतानाही गारठून गेले, ही गोष्ट ‘घरात असलो म्हणजे सुरक्षित’ या समजाचे पुरेसे उत्तर आहे.

गारठलेल्या घरात ऊब आणण्यासाठी जे केले जाते, त्यातून दुसरा आणि अधिक फसवा धोका उद्भवतो. त्याच वादळात १९ जणांचा मृत्यू कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेने झाला. कोळसा, लाकूड, पेट्रोल किंवा गॅस यांचे ज्वलन अपुऱ्या हवेत झाले की हा वायू तयार होतो, आणि रक्तातील हिमोग्लोबिन त्याला प्राणवायूच्या २०० पटींहून अधिक ओढीने धरून ठेवते, त्यामुळे श्वास चालू असूनही शरीराला प्राणवायू मिळत नाही. ‘काही बिघडलेच तर वास येईल’ असे अनेकांना वाटते. परंतु वास येतो तो घरगुती गॅसमध्ये मुद्दाम मिसळलेल्या द्रव्याचा, कार्बन मोनॉक्साइडला मात्र रंगही नसतो आणि गंधही नसतो. डोके दुखणे, मळमळणे, गळून जाणे ही त्याची लक्षणे थकव्याची म्हणून सहज दुर्लक्षिली जातात. महाराष्ट्रातील कौलारू घरात शेगडीचा धूर कौलांच्या फटींतून निघून जात असे, त्यामुळे खोलीत निखारे ठेवून शेकण्याची सवय मराठी मनाला अनोळखी नाही; थंड प्रदेशातील घरे मात्र आतली हवा बाहेर पडू नये अशाच रीतीने बांधलेली असतात आणि तेथे ही सवय जिवावर बेतते. जनरेटर गॅरेजमध्ये ठेवून दार अर्धे उघडे टाकणे हाही उपाय नव्हे, कारण वायू आत शिरण्यास तेवढी जागा पुरते. तो घरापासून किमान ६ मीटर दूर, दारेखिडक्यांकडे धूर येणार नाही असा ठेवावा लागतो. या वायूची सूचना देणारा अलार्म केवळ भिंतीतील विजेवर चालणारा असेल, तर ज्या घडीला त्याची सर्वाधिक गरज असते त्याच घडीला तो मुका होतो, म्हणून त्यात बॅटरी असणे अत्यावश्यक आहे. आधुनिक फर्नेसचा धूर बाहेर सोडणारी प्लॅस्टिकची नळी पुष्कळदा भिंतीतून जमिनीलगत बाहेर निघते. तिचे तोंड साचलेल्या बर्फाखाली गाडले जात नाही ना, हे वादळ चालू असतानाही शक्य तेव्हा पाहावे लागते.

मद्याने थंडी पळते हा समज थोडक्यात निकालात काढता येतो: मद्यामुळे त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात, ऊब जाणवते, आणि नेमकी त्याच वाटेने शरीरातील उष्णता निघून जाते. वीज गेल्यावर अन्न बाहेर बर्फात ठेवण्याची युक्तीही भरवशाची नाही, कारण उन्हाने ते वितळू शकते आणि प्राणी त्यापर्यंत पोहोचतात. त्यापेक्षा बंद ठेवलेला फ्रिज सुमारे ४ तास आणि पूर्ण भरलेला फ्रीझर ४८ तासांपर्यंत अन्न राखतो.

पाण्याच्या नळ्यांविषयीचे गैरसमज अधिक बारकाईने पाहण्याजोगे आहेत. ‘विंड चिल’ म्हणजे वाऱ्यामुळे उघड्या त्वचेला जाणवणारी थंडी. हा आकडा उणे २५ अंश सेल्सिअस असला आणि हवा प्रत्यक्षात उणे १० अंशांवर असली, तर नळीतील पाणी उणे १० अंशांखाली जाऊ शकत नाही, मात्र फटीतून शिरणाऱ्या वाऱ्यामुळे ते तेथवर लवकर पोहोचते. गोठताना पाण्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते, आणि त्यावरून बर्फाच्या रेट्याने नळी जागीच फुटते असे मानले जाते. प्रत्यक्षात बर्फाचा बोळा नळीत लांबीच्या दिशेने वाढत जातो, बोळा आणि बंद तोटी यांच्यामध्ये अडकलेल्या पाण्यावर प्रचंड दाब येतो, आणि नळी बहुधा तेथे फुटते जेथे बर्फ मुळीच नसतो. तोटी थेंबथेंब गळती ठेवण्याचा खरा उपयोगही येथेच कळतो: वाहते पाणी गोठत नाही असे नव्हे, तर त्या थेंबांवाटे दाबाला वाट मिळते. माळ्यावरच्या व बाहेरच्या भिंतीतल्या नळ्यांना उष्णतारोधक वेष्टन घालणे आणि भांडी धुण्याच्या बेसिनखालच्या कपाटाची दारे उघडी ठेवणे, ही कामे वादळाआधी तासाभरात होतात. फुटलेली नळी गोठलेली असेपर्यंत कोरडीच दिसते आणि घरात ऊब परतल्यावर, बोळा वितळला की, छतातून पाणी कोसळू लागते. म्हणून पाण्याचा मुख्य कॉक कोठे आहे आणि तो हाताने फिरतो की गंजून बसला आहे, हे घरातील प्रत्येक मोठ्या माणसाने वादळापूर्वीच एकदा फिरवून पाहिलेले असावे.